चौथ्या सीटवरून सिनेमा

आमच्या लेडीज डब्यात सिनेमाचा निकाल सोमवारी सकाळी लागतो. आठवड्याच्या अखेरीला लागलेला सिनेमा शनिवार-रविवारी कुणी ना कुणी बघून आलेलं असतं, आणि डोंबिवली सुटल्यापासून कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा करत ठाणे येईपर्यंत त्याची चिरफाड पूर्ण होते. कल्याणहून बसून आलेल्या खिडकीत, रिटर्न मारून आलेल्या त्यांच्या शेजारी, आणि डोंबिवलीला चढणाऱ्या आम्ही नशीब असलं तर चौथ्या सीटवर. चौथ्या सीटवर अर्धं शरीर बाहेरच असतं, त्यामुळे मतही जरा आवाज चढवूनच द्यावं लागतं. न बघितलेल्यांची मतं जास्त ठाम असतात, हेही इथलंच निरीक्षण. ‘ट्रेलरमध्येच कळलं मला’ म्हणणाऱ्या काकूंशी वाद घालण्यात अर्थ नसतो. त्या मेथी निवडत असतात आणि निवडलेली जुडी आपल्याच मांडीवर ठेवतात.

मराठी सिनेमा थिएटरात बघायचा तर आधी वेळापत्रक जुळवावं लागतं. हिंदीला सकाळपासून रात्रीपर्यंत दर तासाला खेळ. मराठीला मंगळवारी दुपारी पावणेबारा, नाही तर रात्री पावणेअकरा. पावणेबाराला आम्ही ठाण्यात टेबलावर असतो. पावणेअकराचा खेळ सुटला की घरी पोचेपर्यंत दीड, आणि सकाळी साडेपाचला कुकर लावायचा. १ मे २०२५ला ‘आता थांबायचं नाय’ आणि ‘गुलकंद’ एकाच दिवशी लागले, वर समोर ‘रेड २’. १२ सप्टेंबर २०२५ला तर ‘दशावतार’, ‘आरपार’ आणि ‘बिन लग्नाची गोष्ट’ असे तीन मराठी सिनेमे एकमेकांच्या अंगावर येऊन पडले. वर्षभर वाट बघायला लावायची आणि एकाच शुक्रवारी तीन ताटं वाढायची, हे कोणाच्या सोयीचं आहे कळत नाही. आमच्या डब्याच्या तर नक्कीच नाही.

‘आता थांबायचं नाय’ मी उशिराच, दुसऱ्या की तिसऱ्या आठवड्यात बघितला. मुंबई महापालिकेतले चतुर्थ श्रेणी कामगार रात्रशाळेत जाऊन दहावीला बसतात, त्याची खरी घडलेली हकिकत. शिवराज वायचळने केलाय. भरत जाधव आणि सिद्धार्थ जाधव दोघंही आपापलं हुकमी विनोदाचं भांडवल घरी ठेवून आलेत, आणि त्यातच सिनेमाची निम्मी लढाई जिंकलीय. पार्श्वसंगीत मात्र आपल्याला रडायची आठवण करून देत राहतं. अहो, येतंय रडू, जरा थांबा की! एवढं सोडलं तर मला तो फार आवडला, आणि सोमवारी मी डब्यात त्याची जोरदार वकिली केली. आमच्या डब्यात सफाईचं काम करणाऱ्या दोघी असतात, दाराजवळ उभ्या राहून येतात. त्यांतल्या थोरल्या मावशींनी सगळी गोष्ट ऐकून घेतली आणि विचारलं, “पास झाल्यावर झाडू सुटला का त्यांचा?” मी त्यातल्या साहेबांचं, शिक्षकाचं, वर्गातल्या मजेचं सांगत होते. सिनेमाला निकाल महत्त्वाचा. मावशींना निकालानंतरचा पगार. एवढ्या परीक्षणांत हा प्रश्न मी कुठे वाचला नव्हता. मुंब्र्याला गर्दी आत घुसली आणि मावशी पलीकडे ढकलल्या गेल्या, पण त्या दिवसापासून त्या सिनेमाची मी स्तुती करते ती हा प्रश्न जोडूनच.

‘सैयारा’वर आमच्याकडे चर्चाच झाली नाही, भांडण झालं. जुलै २०२५मध्ये त्याच दिवशी ‘ये रे ये रे पैसा ३’ लागला होता आणि मराठीचे पडदे काढून घेतले म्हणून राजकीय पक्षांनी आवाज उठवला. डब्यातल्या कॉलेजच्या मुली ‘सैयारा’ बघून रडून आलेल्या, काकू मराठीची बाजू घेऊन तावातावाने बोलत होत्या, आणि दोनपैकी एकही सिनेमा काकूंनी बघितलेला नव्हता. मी ‘सैयारा’ बघितला. गाणी बरी आहेत. मुलगी विसरत जाते तो भाग बरा आहे. बाकी नायकाला कामधंदा काय, हे विचारायचं माझं वय झालंय.

‘दशावतार’चं गणित वेगळं होतं. यजमान कुडाळकडचे, त्यामुळे आमच्या घरात तो सिनेमा बघणं हे भावकीतलं कार्य असल्यासारखं ठरलं. तो लागला तोही अशा बेताने, की गणपतीला गेलेले चाकरमानी नुकतेच परतले होते. घरात अजून गावाहून आणलेली काकडी होती आणि कानात आरत्या. थिएटर भरलेलं. आमच्या पुढच्या रांगेत एक आजोबा होते, पडद्यावर कुणी मालवणी बोललं की ते आधीच उत्तर देत. दिलीप प्रभावळकर ऐंशी ओलांडलेले; ‘चौकट राजा’ बघून ज्या पिढीने डोळे पुसले तीच पिढी आता त्यांना या वयात वेष चढवून, पाण्यात उतरून काम करताना बघत होती. नजर जात चाललेला बाबुली मेस्त्री आणि ‘आता पुरे करा’ म्हणणारा त्याचा मुलगा, हा मध्यंतरापर्यंतचा भाग मला दहापैकी नऊ गुणांचा वाटतो. मुलगा बापाला ओरडतो आणि मग तोच त्याचं करतो, ते ओरडणं आणि करणं, दोन्ही आपल्या घरातलं आहे.

मध्यंतरानंतर खाणवाले आले, पुढारी आले, आणि सुडाचा सिनेमा सुरू झाला. दिसायला तो भाग देखणा आहे, शिट्ट्याही तिथेच पडल्या. पण दशावतारी नाटकाची खरी गंमत अशी की त्याला लिहिलेली संहिता नसते. राजा आणि राक्षस देवळासमोरच्या मंडपात उभ्या उभ्या एकमेकांना शब्दात पकडतात, आणि पहाट होते. ते शब्दाला शब्द भिडणं सिनेमात हवं तितकं नाही. तिथे अवतार येतो आणि थेट मारतो. हे मी रिक्षाच्या रांगेत बोलले, तर यजमान म्हणाले, “तुला कोकणातलं काय कळतंय, तू पुण्याची.” वीस वर्षांहून जास्त संसार झाला तरी हे अस्त्र राखीव असतं. रांग लांब होती आणि रिक्षावाले शेअरशिवाय यायला तयार नव्हते, म्हणून वाद घरापर्यंत पुरला.

ठाण्यात असंच एका सिनेमाबद्दल बोलायची सोय नाही. ‘धर्मवीर’ २०२२ साली आला, त्यात प्रसाद ओकने आनंद दिघे उभे केले. माझ्या ऑफिसात पन्नाशीपुढच्या प्रत्येकाकडे टेंभी नाक्याची स्वतःची एक आठवण आहे, आणि सिनेमाचं मूल्यमापन त्या आठवणीशी ताडून होतं. दाढी जुळली, चाल जुळली, पण ‘साहेब असे बोलत नसत’. त्यावर दुसरा म्हणतो, ‘असेच बोलायचे’. यात पटकथा, संकलन वगैरे शब्द काढणं म्हणजे श्राद्धाच्या पंगतीत आमटीला मीठ कमी म्हणणं. तो सिनेमा मला कसा वाटला हे मी कळव्याची खाडी ओलांडल्यावरच बोलते.

आपल्या गावाचं नाव असलेला सिनेमा आपण बघत नाही, तपासतो. ‘झोंबिवली’ घ्या. आदित्य सरपोतदारचा, २६ जानेवारी २०२२चा. पुढे त्याने ‘मुंज्या’ केला आणि सगळ्यांना त्याचं नाव कळलं, पण आम्ही आधीचे. मोठ्या टॉवरात घर घेऊन डोंबिवलीत राहायला येणारा अमेय वाघ, शेजारच्या वस्तीतला ललित प्रभाकर, आणि पाण्यातून पसरणारी झोंबींची लागण. परगावच्यांना ही भन्नाट कल्पना वाटली. आम्हाला पाण्याचा भाग अजिबात कल्पित वाटला नाही. जानेवारी २०१४मध्ये आमच्याकडे हिरवा पाऊस पडलाय, फेब्रुवारी २०२०मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झालाय. मे २०१६ आणि मे २०२४ला कारखान्यांत स्फोट होऊन लांबलांबच्या घरांच्या काचा फुटल्यात. त्यामुळे माणसं हिरवी-निळी होऊन चावत सुटली, तर पहिला डोंबिवलीकर टँकर कधी येणार हेच विचारील. पहिला अर्धा भाग मजेशीर, शेवटाला संदेश देण्याची घाई झालीय. पण टॉवर आणि वस्ती यांच्यामधली भिंत आणि त्या भिंतीवरून चालणारं पाण्याचं राजकारण यात चुकलेलं काही नाही.

‘साबर बोंडं’ बघायला मात्र ठाण्याला थांबावं लागलं. डोंबिवलीत जमणाऱ्या वेळेचा खेळ मिळेना, म्हणून ऑफिस सुटल्यावर विवियानाला गेले; मॉलचं नाव बदललंय म्हणतात, आम्ही विवियानाच म्हणतो. रोहन कानवडेचा हा सिनेमा जानेवारी २०२५मध्ये सनडान्स महोत्सवात परदेशी कथापटांच्या विभागातलं सर्वोच्च पारितोषिक घेऊन आला आणि सप्टेंबरमध्ये इथे लागला. सभागृहात मोजकी डोकी. पार्श्वसंगीत नाही. कॅमेरा एका जागी बसतो आणि माणसं त्याच्यासमोर वावरतात. पहिली दहा मिनिटं मला मागच्या रांगेतले नाचोज ऐकू येत होते; मग खाणाऱ्यालाच संकोच वाटला असावा, कारण आवाज थांबला.

वडील गेल्यावर मुंबईत कॉल सेंटरवर काम करणारा आनंद दहा दिवसांसाठी गावी जातो. तिथे त्याला लहानपणचा मित्र बाळ्या भेटतो. आनंदचा ओढा पुरुषांकडे आहे, हे आईला माहीत आहे, वडिलांनाही होतं. नातेवाइकांना नाही, आणि ते सुतकातही लग्नाचा विषय काढतात. हे मी पडद्यावर पहिल्यांदा बघत नव्हते. सासऱ्यांच्या दिवसांत कुडाळच्या घरी ओटीवर घोंगडं टाकून बसलेल्या माझ्या धाकट्या दिराला एका आत्येसासूबाईंनी तिसऱ्याच दिवशी मुलीचा फोटो दाखवला होता. पायात चप्पल घालू नको, हे खाऊ नको, तिकडे जाऊ नको असं बजावणाऱ्याच तोंडातून ‘यंदा उरकून टाक’. या सिनेमात तसा प्रत्येक आवाज नेमका पकडलाय, आणि त्या माणसांना खलनायक केलेलं नाही. ती आपलीच माणसं आहेत, चहा देतात, रडतात, आणि पिच्छा सोडत नाहीत. जयश्री जगताप यांनी केलेली आई तर अशी, की तिने अभिनय केलाय हे आपल्या लक्षात सिनेमा संपल्यावर येतं. गेल्या वर्षी बघितलेल्यांतला हा सर्वांत चांगला सिनेमा. सोमवारी डब्यात सांगितला तेव्हा काही जणी खिडकीबाहेर बघायला लागल्या. एकीने उतरताना, ठाण्याच्या पुलावर गाठून विचारलं, “तो मोबाइलवर येईल का गं? घरी सगळ्यांसमोर नको.”

नवीन वर्षात ‘क्रांतिज्योती विद्यालय मराठी माध्यम’ आला, हेमंत ढोमेचा, १ जानेवारी २०२६ला. बंद पडू घातलेली मराठी शाळा वाचवायला जुने विद्यार्थी जमतात. सचिन खेडेकरांचे मुख्याध्यापक. अख्खा डबा बघून आला, अख्खा डबा रडला. रडलेल्यांपैकी बहुतेकींची मुलं इंग्रजी माध्यमात, माझाही त्यातच. तिकिटं काढून देणारा तोच.

त्याच मुलाला मध्यंतरी घरी ‘डोंबिवली फास्ट’ दाखवला. निशिकांत कामतचा, २००५चा. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालेला. संदीप कुलकर्णीचा माधव आपटे, बँकेतला सरळमार्गी माणूस. तेच उठणं, तीच लोकल, तेच ऑफिस असं चाक सुरुवातीला फिरत राहतं आणि मग तो बॅट उचलतो. हॉलिवूडच्या ‘फॉलिंग डाउन’शी त्याचं नातं आहे, ते तेव्हाही लोकांनी दाखवून दिलं होतं. मला त्याने फरक पडत नाही. थंड पेयावर छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेणाऱ्यावर भडकणारा माणूस इतका आपला वाटतो, की तो आजच्या मल्टिप्लेक्समध्ये पाण्याची बाटली मागायला गेला तर काय होईल याची मी कल्पना करून बघते. यजमान म्हणाले, बॅट तर सुरक्षावाल्यांनी दारातच काढून घेतली असती.

मुलगा सिनेमा गंभीरपणे बघत होता. तो रोज सकाळी दादरला जातो, दारात उभा राहून. जून २०२५मध्ये मुंब्र्याच्या वळणावर गाडीतून माणसं पडून गेली, त्यानंतर काही दिवस मी त्याला पोचल्यावर फोन करायला लावत असे. लोकलचा प्रसंग आला तेव्हा त्याने सिनेमा थांबवला, पडद्याजवळ जाऊन डबा नीट निरखला आणि विचारलं, “एवढ्याच गर्दीला वैतागला हा?”