क्षणाचा राखणदार

जावास्क्रिप्टमधला डेट ऑब्जेक्ट. वेबसाईटवर तारीख दिसते तिथे बहुधा पडद्याआड हाच बसलेला असतो. त्याच्या गाठीला आकडा एकच: १ जानेवारी १९७०च्या ग्रिनिचच्या मध्यरात्रीपासून किती मिलिसेकंद लोटले. वार, महिना, साल विचारा. तो त्या आकड्यावरून मोजून सांगतो. आत शून्य ठेवून विचारलं, तर भारतात पहाटे साडेपाच आणि १/१/१९७० दाखवतो.

१९९५ साली ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला अवतार उभा केला. वेळ नव्हताच; म्हणून डेट जावा भाषेतून जवळपास होता तसा उचलून आणला. महिने शून्यापासून मोजायची सवय तिकडचीच. जानेवारी शून्य, ऑगस्ट सात. जावाने पुढे ती रीत सोडली, याला मात्र सोडता येत नाही; त्याच्या भरवशावर चालणाऱ्या साईट मोडतील.

एका शाळेच्या प्रवेशअर्जाचं काम माझ्याकडे होतं. आईने मुलीची जन्मतारीख १५ ऑगस्ट निवडली आणि छापील अर्जावर १४ आली. मी कन्सोल उघडला. तिथे होतं: १४ ऑगस्ट, १८:३०, शेवटी ‘झेड’, म्हणजे ग्रिनिचची वेळ. आपली पंधराची मध्यरात्र ही तिथली चौदाची संध्याकाळ. माझ्या कोडने पुढची वेळ कापून तारीख तेवढी ठेवली होती. ती माउली मात्र पुन्हा पुन्हा १५ निवडत होती, आपलंच काही चुकतंय असं समजून. त्या दिवसापासून मी तारखेला हात लावताना दोनदा विचार करते.

डेट खोटं बोलला नव्हता. त्याला क्षण कळतो, आणि जन्मतारीख हा क्षण नसतो, दिवस असतो. मुलगी जगात कुठेही गेली तरी तिचा वाढदिवस १५ ऑगस्टच. असा दिवस त्याच्या हाती देऊच नये. साध्या अक्षरांत जपावा. आता टेंपोरल नावाची नवी पिढी येते आहे. तिच्यात नुसत्या तारखेसाठी वेगळा ऑब्जेक्ट आहे.

पण क्षण सांभाळायचा असेल तर डेटवर निर्धास्त विसंबावं. त्याला भाषा मराठी, वेळ कोलकात्याची आणि महिना शब्दांत असं स्पष्ट सांगितलं, की ‘१५ ऑगस्ट, २०१८’ असं देवनागरी आकड्यांत नीट लिहून देतो. पुण्यातली आई रात्री साडेआठला व्हिडिओ कॉल लावते, न्यू जर्सीतल्या मुलाला सकाळचे अकरा दिसतात. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं तासभर मागे जातात, आणि आईच्या साडेआठला त्याच्याकडे दहाच वाजलेले असतात. आईला हा हिशेब करावा लागत नाही. दोघांच्या पडद्यावर तो एकच क्षण, ज्याच्या त्याच्या घड्याळात उतरलेला असतो.