दोन घरांचा डोळा

सर्जनशीलता शिकवण्यात माझी सव्वीस वर्षं गेली. मानसशास्त्रज्ञ गिलफर्ड यांचं 1950 मधलं भाषण, मग टॉरन्स यांच्या चाचण्या, विचारांचा ओघ, लवचीकता, मौलिकता हे सगळं सोलापुरातल्या वर्गात मी जीव ओतून शिकवलं. विद्यार्थ्यांची संकल्पचित्रं तपासताना मौलिकतेला दहा गुण ठेवायचो. आधी कुणी काढलं नसेल ते काढा, असं बजावायचो.

एका वर्षी पूर्व भागातल्या एका मुलीनं मोर काढून आणला. ग्राफच्या कागदावर, एकेक घर भरून. पिसारा पायऱ्यापायऱ्यांचा, डोळ्याच्या जागी दोन घरं रिकामी. इथल्या घराघरांत अंथरलेल्या चादरीवरचा तोच मोर. मी समासात ‘जुनेच’ असं लिहिलं आणि दहापैकी तीन गुण दिले. ‘बरं सर,’ एवढंच ती म्हणाली.

पुढं संशोधनाच्या निमित्तानं अक्कलकोट रस्त्यावरच्या एका कारखान्यात जाऊ लागलो. माग चालू असले की तिथं कानाशी तोंड नेऊनच बोलावं लागतं. मागाच्या डोक्यावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरत असते. भोक असेल तिथला धागा उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. ल्योंच्या जॅकार्ड यांनी 1804 च्या सुमारास बसवलेली ही युक्ती पुढं बॅबेज यांना गणनयंत्रासाठी सुचली, हे मी वर्गात कितीदा तरी सांगितलं होतं. पुठ्ठा हातात घेतला तो मात्र त्या दिवशी पहिल्यांदा.

ग्राफ काढणारे अण्णा सत्तरीचे. घरी तेलुगू, कारखान्यात मराठी. मी विचारलं, “अण्णा, मोराचा डोळा दोन घरांचाच का?”

“एका घराचा बुजतो मास्तर, चार धुण्यांत दिसेनासा होतो. आणि तीन घरं दिली की मोर भ्यायल्यावाणी दिसतो.”

मग त्यांनी पिसाऱ्याशेजारच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. इथं फार मोकळं सोडलं, तर चादरीचे दोन पदर सुटे पडतात, पिशवीसारखे फुगतात. म्हणून मध्ये फूल टाकायचं. त्या फुलाला मी आजवर निव्वळ सजावट समजत आलो होतो. अण्णांनी चादर उलटली. मागच्या बाजूला तोच मोर, रंग तेवढे उलटे. “एक काढायचा म्हणजे दोन निघतात. दोन्ही बघावे लागतात.”

चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी डिझाइनर दांपत्यानं 1958 च्या आपल्या अहवालात भारतातल्या साध्या तांब्याचं मनापासून कौतुक केलं. तो कुणा एकानं घडवलेला नाही, पिढ्यान्‌पिढ्या हातांनी घासत आणलेला आकार आहे, हे त्यांना भावलं होतं. त्याच अहवालाच्या वाटेनं 1961 मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. आठ वर्षांनी पवईच्या आयआयटीत औद्योगिक डिझाइनचं केंद्र सुरू झालं, त्याचा पाया सुधाकर नाडकर्णी यांच्यासारख्यांनी घातला. तांब्याची ती गोष्ट मी दर जूनमध्ये नव्या वर्गाला ऐकवायचो. त्याच तांब्याचं सख्खं भावंड माझ्या घरी पलंगावर अंथरलेलं होतं, ते मला दिसलं नाही. इथं नवं म्हणजे नवा पक्षी नव्हे. एखादं घर डावीकडं सरकतं, एखादं फूल खाली उतरतं आणि कापड पहिल्यापेक्षा नीट बसतं. धागा ज्याला राजी होत नाही, ते कागदावर कितीही अपूर्व असलं तरी मागावर चालत नाही. मौलिकता मोजताना मी धाग्याला कधी विचारलंच नव्हतं.

आता पहिला आठवडा मुलं मागाशेजारी बसतात, पेन्सिल नंतर. तपासताना मी कागद उलटा धरून मागून उजेडात बघतो.

त्या मुलीनं फुलं नेहमीच्या जागी ठेवली होती की हलवली होती? कागद केव्हाच गठ्ठ्याबरोबर रद्दीत गेला. आठवायला बसलो की डोळा तेवढा आठवतो, दोन घरांचा.