कपाटाची खोली आणि कागदाची लांबी

घरच्या ऑफिसचे कपाट बहुतेक घरांत मुळात कपड्यांसाठी केलेले असते. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधली भिंतीतली कपाटे साधारण 24 इंच खोल ठेवतात, कारण हँगरवरच्या शर्टाला तेवढी जागा लागते. ए-4 कागद मात्र 297 मिलिमीटर लांब, म्हणजे पावणेबारा इंचांना किंचित कमी. बॉक्स फाइलही 15 इंचांत आरामात बसते. उरलेल्या जागेत आपोआप दुसरी रांग लागते आणि मागचे सामान दिसेनासे होते. हात न पोचणारी जागा म्हटले की माळा आठवतो, पण खरा त्रास डोळ्यांसमोरच्या या खणातच असतो. माळ्यावर वर्षातून एकदा चढायचे असते. मागच्या रांगेतले पासबुक काढताना मात्र दर वेळी पुढच्या फाइली जमिनीवर येतात आणि परत जाताना त्यांचा क्रम बदललेला असतो.

यावर सर्वात चांगला उपाय म्हणजे फळी काढून तिथे सरकता ट्रे बसवणे. 22 इंची टेलिस्कोपिक चॅनेलवर ट्रे जवळजवळ पूर्ण बाहेर येतो आणि मागची फाइल वरून दिसते. म्हणून अशा ट्रेमध्ये फाइलींची नावे पाठीवर नव्हे, वरच्या कडेला लिहावीत. चॅनेलसाठी ट्रेच्या दोन्ही बाजूंना चार-चार सूत जागा सोडावी लागते. माप घेण्याआधी दार पूर्ण उघडून पाहावे. बऱ्याच बिजागऱ्यांमध्ये उघड्या दाराची कड खणाच्या तोंडात थोडी आत राहते आणि ट्रे तिला अडतो. तिथे चॅनेलच्या मागे प्लायची पट्टी घालून ट्रे तेवढा अरुंद करावा लागतो. सरकत्या दारांच्या कपाटात एका वेळी अर्धेच तोंड उघडते, म्हणून ट्रेची पूर्ण रुंदी त्या अर्ध्यात मावली पाहिजे. मधोमध आलेला ट्रे कधीच बाहेर निघत नाही.

सुतारकाम करायचे नसेल तर फळीच्या खोलीएवढे लांब, समोर मूठ असलेले खोके एकेका रांगेत ठेवावेत. खोके ओढले की मागचे सामान पुढे येते. दाराच्या आतल्या अंगाला चार इंची उथळ कप्पे लावता येतात, पण त्यांत पाकिटे, स्टेपलर, चार्जर असे हलकेच सामान ठेवावे. तिथे फाइली लावल्या तर बिजागऱ्या ओघळतात.

कागदाच्या वजनाचा अंदाज सहसा चुकतो. 75 जीएसएमच्या 500 पानांचे रिम सुमारे 2.3 किलोचे आणि जेमतेम दोन इंच जाडीचे असते. त्या हिशेबाने गच्च भरलेल्या एक फूट कागदाचे वजन 14 किलोच्या आसपास जाते आणि तीन फुटी फळीवर 40 किलो सहज येतात. फळीची लांबी दुप्पट केली आणि दर फुटाचे वजन तेच राहिले तर तिचा झोल सोळापट होतो. त्यामुळे जाड प्लाय घेण्याआधी मध्ये उभा आधार द्यावा आणि पुढच्या कडेला दीड-दोन इंची उभी लाकडी पट्टी ठोकावी.

पाच फूट उंचीच्या व्यक्तीचा हात सहा फुटांपर्यंत पोचतो, पण भरलेली फाइल सांभाळून उतरवता येते ती खांद्याच्या उंचीवरूनच. म्हणून रोजचे सामान गुडघा ते खांदा यांमध्ये, जड रिमे तळाला आणि हलके सामान वर ठेवावे.

माळा सात फुटांवर सुरू होतो आणि त्याचे तोंड बहुधा आतल्या जागेपेक्षा अरुंद असते. तोंडासमोरच्या भागात जुन्या हिशेबाची खोकी ठेवावीत. ती लहानच असावीत, कारण शिडीवर उभे राहून डोक्यावरून सहा किलोपेक्षा जास्त उतरवणे धोक्याचे असते. खोक्याला पुढून नाडी बांधली की आत वाकावे लागत नाही. बाजूच्या अंधाऱ्या भागात रिकाम्या बॅगा जाव्यात. खोक्यावर नावासोबत रद्दीची तारीखही लिहावी. जीएसटी कायद्याच्या कलम 36 नुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने जपायचे असतात. 2022-23 ची मुदत 31 डिसेंबर 2023 होती, म्हणजे ते खोके डिसेंबर 2029 पर्यंत ठेवायचे. अपील चालू असेल तर त्याच्या निकालानंतर एक वर्ष आणि हे 72 महिने, यांपैकी जे नंतर संपेल ते धरावे. खरेदीखत आणि सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट माळ्यावर कधीही टाकू नये.

दोन कपाटे काटकोनात मिळतात तिथला कोपरा फाइलींना निरुपयोगी असतो. फिरता गोल ट्रे तिथे सुचवला जातो खरा, पण चौकोनात बसवलेले वर्तुळ पाचवा भाग जागा आधीच घालवते आणि चौकोनी फाइली त्यावर नीट बसत नाहीत. कोपऱ्यातल्या फळ्या काढून तिथे नकाशांच्या गुंडाळ्या, ट्रायपॉड, घडीचे टेबल असे उभे सामान ठेवणे जास्त सोयीचे ठरते.

कोकणात आणि मुंबईत कपाटाची पाठ बाहेरच्या किंवा बाथरूमच्या भिंतीला टेकत असेल तर मध्ये इंचभर फट ठेवावी, नाहीतर पावसाळ्यात मागच्या फाइलींना बुरशी येते आणि पाठोपाठ कसर लागते. राउटर लोखंडी कपाटात ठेवू नये, त्याचे सिग्नल तिथेच अडतात. लेझर प्रिंटर कपाटातच ठेवायचा झाला तर तो सरकत्या ट्रेवर ठेवावा, वापरताना पूर्ण बाहेर ओढावा आणि त्याच्या वायरीला ट्रेच्या प्रवासाएवढी ढील द्यावी.