भातसेचा रंग कोणता?

नदीचा रंग कोणता, असे कुणी विचारले तर आपण चटकन एखादा रंग सांगून मोकळे होतो. सापगावच्या भातसेविषयी मात्र तसे सांगता येत नाही. कसारा लोकलने आसनगावला उतरावे, शहापूर गाठावे आणि तेथून मुरबाडच्या रस्त्याला लागावे. थोड्याच वेळात सापगाव येते आणि भातसेचे पात्र दिसू लागते. आषाढात पाहिलेली ही नदी मार्गशीर्षात पुन्हा पाहिली, तर ती तीच आहे यावर विश्वास बसू नये, इतका तिचा रंग पालटलेला असतो.

हा पालट निसर्गाचाच आहे. सह्याद्रीचा काळा पाषाण ऊन-पावसाने झिजतो आणि त्याची तांबूस-तपकिरी माती होते. पावसाळ्यात ओढे ही माती घेऊन नदीत उतरतात आणि पाणी दुधाच्या चहासारखे दिसू लागते. पाऊस ओसरला की गाळ खाली बसतो. वरच्या अंगाला असलेल्या भातसा धरणातही बराच गाळ थांबतो. मग काठच्या झाडांची छाया आणि खडकांवरचे शेवाळ यांमुळे नदी हिरवट भासते. नितळ, खोल पाण्यावर निळसर झाक येते, कारण पाणी प्रकाशातील तांबडा रंग अधिक शोषून घेते.

कोलंबियातील कान्यो क्रिस्टालेस ही नदी तर वर्षातील काही महिने लालभडक दिसते. तो रंग पाण्याचा नसून तळाच्या खडकांना धरून वाढणाऱ्या एका वनस्पतीचा असतो. त्याच कुळातील चिमुकल्या वनस्पती आपल्या सह्याद्रीतील वेगवान ओढ्यांतही खडकांना चिकटून वाढतात आणि पाणी उतरले की फुलतात.

माती, वनस्पती आणि प्रकाश ही रंगाची तीन कारणे झाली. चौथे कारण पाहणाऱ्याच्या डोळ्यात असते, आणि आपल्या घराशी त्याचाच संबंध अधिक आहे.

वयाबरोबर डोळ्यातील भिंग पिवळसर होत जाते. मोतीबिंदूत ते आणखी पिवळे, तपकिरी किंवा धूसर होते. असे भिंग निळा प्रकाश अडवते. त्यामुळे निळे फिके पडते, पांढरे मळकट दिसते. हा बदल वर्षानुवर्षे इतक्या सावकाश होतो की ज्याच्या डोळ्यांत तो घडतो, त्याला तो जाणवत नाही. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने आपल्या बागेतील कमळांचे तळे अनेक वर्षे रंगवत होता. मोतीबिंदू वाढला, तशी त्याची काही चित्रे तांबूस-तपकिरी होत गेली. 1923 साली त्याच्या उजव्या डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली, तेव्हा निळा रंग त्याला जास्तच गडद दिसू लागला.

म्हणून हिवाळ्यातील एखाद्या सकाळी आजी-आजोबांना भातसेकाठी न्यावे, सावलीत बसवावे आणि सहज विचारावे, “तुम्हाला पाणी कसं दिसतंय?” आपल्याला हिरवे-निळे दिसणारे पाणी त्यांना गढूळ वाटले, पाण्यावरील उन्हाने डोळे दिपले, पायरीची कड कळेना, तर “वयच झालं” म्हणून विषय सोडू नये. हा प्रश्न म्हणजे नेत्रतपासणी नव्हे. पण नेत्रतज्ज्ञांकडे जाण्यास तो पुरेसे कारण आहे. अंधुक नजर हे वृद्धांच्या पडण्याचे एक मोठे कारण असते, आणि मोतीबिंदूवर शस्त्रक्रियेचा खात्रीचा उपाय आहे. आपण स्वतः ज्येष्ठ असाल, तर हाच प्रश्न बरोबरच्या नातवाला विचारून उत्तरे पडताळून पाहावीत.

जाताना काही पथ्ये पाळावीत. टोपी, काठी, नेहमीची औषधे आणि घरचे पाणी बरोबर असावे. नितळ पाणी निर्जंतुक असतेच असे नाही. मुंबईची तहान भागवणारे भातसेचे पाणीसुद्धा शुद्धीकरण झाल्यावरच नळाला येते. शेवाळलेल्या दगडांवर पाय ठेवू नये आणि रहदारीच्या पुलावर थांबू नये. पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडण्यापूर्वी सापगाव आणि नदीकाठच्या इतर गावांना इशारा दिला जातो; त्या दिवसांत काठाशी जाणे टाळावेच. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, तर डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत नदीस्नान करू नये. डोळ्यांत पाणी जाता कामा नये.

शस्त्रक्रियेनंतर डोळा पूर्ण बरा झाला की पुन्हा एकदा सापगावला यावे. त्याच जागी बसून तोच प्रश्न विचारावा आणि या वेळी आजीलाच भातसेचा रंग सांगू द्यावा.