टक्का

गेल्या दिवाळीत बाबांनी फर्मान काढलं, "घरावर मजला चढवायचा."

साताऱ्याचं आमचं घर १९८६ सालचं. बैठं, लोड बेअरिंग. म्हणजे कॉलम-बीम नाहीत, स्लॅबचं सगळं ओझं विटांच्या भिंतींवर. संडास मागच्या अंगणात, तीन पायऱ्या उतरून. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्या तीन पायऱ्या म्हणजे तिला अजिंक्यतारा. त्यामुळे काहीतरी करायला हवंच होतं. पण बाबांच्या मनात त्याहून मोठं काही होतं. वर दोन खोल्या, एक माझी, एक धाकट्याची. मी पुण्यात, धाकटा कॅनडात.

ओळखीच्या कॉन्ट्रॅक्टरने तोंडी अंदाज दिला, बावीस लाख. वर म्हणाला, "नकाशाचं काय टेन्शन घेताय काका, तो आपण फुकटात काढून देऊ."

मी मात्र आर्किटेक्ट बघायचं ठरवलं. एक बाई आल्या, घर पाहिलं, चहा घेतला आणि फी सांगितली. बांधकाम खर्चाच्या आठ टक्के, अधिक जीएसटी. मी मोबाईलवर हिशोब केला. १,७६,००० आणि त्यावर १८ टक्के, ३१,६८०. एकूण २,०७,६८०. बाबा त्यांच्यासमोर काही बोलले नाहीत. गेट लागलं आणि म्हणाले, "कागदावर रेघा मारायचे दोन लाख?"

खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच आलं होतं. मी स्वतः भाषांतरं करतो. "नुसतं या भाषेतलं त्या भाषेत लिहायचं, त्याला एवढे पैसे?" हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. आणि इथे मी तोच प्रश्न मनात घेऊन बसलो होतो. गंमत आहे की नाही?

मग थोडी चौकशी केली. 'आर्किटेक्ट' ही पाटी वाटेल त्याला लावता येत नाही. १९७२ च्या वास्तुविशारद कायद्यानुसार त्यासाठी वास्तुकला परिषदेकडे नोंदणी लागते. मात्र नकाशे काढायला पदवीच हवी असं नाही. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा कायदा नाव लावण्यावर बंधन घालतो, काम करण्यावर नाही. म्हणजे कॉन्ट्रॅक्टर काही बेकायदा बोलत नव्हता. पण फुकटचा नकाशा काढणारा आणि सिमेंटचं बिल लावणारा एकच माणूस असेल, तर आपल्या बाजूने उभं कोण राहणार?

टक्केवारीचंही मला कोडं होतं. खर्च वाढला की फी वाढते, मग बाई खर्च कमी कशाला करतील? दुसऱ्या भेटीत मी हे सरळ विचारलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं. म्हणून कामाची व्याप्ती ठरली की मी ठोक रक्कम लिहून देते." मग कागद काढून एकेक मुद्दा सांगितला. आरसीसी कन्सल्टंटची फी यात आहे की वेगळी? नगरपालिकेचं शुल्क कोण भरणार? साइटवर किती चकरा? रोजची देखरेख हवी असेल तर त्याचा माणूस वेगळा. पैसे टप्प्याटप्प्याने, आराखडा, मंजुरी, कामाचे तपशीलवार नकाशे, काम पूर्ण. मध्येच काम थांबलं तर झालेल्या टप्प्यापर्यंतचेच. तुम्हीही कुणाला विचाराल तेव्हा टक्का विचारण्याआधी हे विचारा. 'किती' पेक्षा 'कशाचे' हा प्रश्न जास्त उपयोगी आहे.

त्यांनी जोत्यापाशी एक खड्डा खणायला लावला, कन्सल्टंटला बोलावलं. निष्कर्ष असा की या पायावर मजला भरवशाचा नाही. चढवायचाच तर आतून नवे कॉलम उभे करावे लागतील, आणि मग बावीस लाख विसरा.

बाबा गप्प. मग बाईंनी अगदी साधेपणाने विचारलं, "काका, वर राहणार कोण?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी चहाच्या कपाकडे. धाकट्याने तिकडे घर घेतलंय हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. पण ते त्या घरात मोठ्याने कुणी म्हटलं नव्हतं. मीही 'येईन की रिटायर झाल्यावर' असं वर्षानुवर्षं म्हणत आलोय. त्या दिवशी ते वाक्य तोंडातून निघालं नाही.

शेवटी ठरलं ते एवढंच. मागच्या पडवीत आईसाठी खोली, तिला लागून संडास-बाथरूम, उंबरा न ठेवता, दार वॉकर आत जाईल एवढं रुंद. अंदाज साडेसहा लाख. फी ठोक ८५,०००, जीएसटी धरून १,००,३००.

बाबांनी लगेच हिशोब केला. "हे तर तेरा टक्के झाले! टक्का वाढला की!"

"वाढला काका," बाई म्हणाल्या, "काम लहान झालं, पण चकरा तेवढ्याच. जुन्या घराची मापं घ्यायची, जुन्या भिंतीला नवी जोडायची, हे नव्या घरापेक्षा किचकट असतं."

टक्का वाढला आणि रक्कम निम्म्याहून कमी झाली. ज्या माणसाने आमचे पंधरा लाख वाचवले, त्याने स्वतःची फीही त्याच प्रश्नाने कमी करून घेतली. रेघा न मारण्याचेही पैसे असतात, हे मला त्या दिवशी कळलं.

जूनच्या आत काम पूर्ण झालं. आई आता रात्री कुणालाही हाक न मारता उठते. बाबा मात्र अजून संध्याकाळी गच्चीवर जातात आणि कठड्याला टेकून उभे राहतात. वर काय बांधायचं होतं, ते आता बोलत नाहीत.

परवा मी फोनवर म्हटलं, "बाबा, पुढच्या महिन्यात आठवडाभर येतोय."

"ये की," ते म्हणाले, "हॉलमध्ये गादी टाकू."