इंग्रजी ऐकताना निसटतं काय?

निफाड-दिंडोरीची द्राक्षं युरोपात जातात, तेव्हा सौद्याची बरीचशी बोलणी इंग्रजीत आणि पुष्कळदा फोनवरच होतात. मी नाशिकमध्ये ध्वनिशास्त्र शिकवतो. निर्यातदारांकडे काम करणारी मुलं, परदेशी निघालेल्या परिचारिका, आयईएलटीएसचे विद्यार्थी माझ्याकडे येतात. तक्रार एकच : "सर, ते फार फास्ट बोलतात." मला हे कारण अपुरं वाटतं. तीच वाक्यं कागदावर दिली की यांचा एकही शब्द अडत नाही.

आपल्याकडे इंग्रजी आलं ते डोळ्यांवाटे. मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी 2000 साली सुरू झालं. त्याआधीच्या पिढ्या ते पाचवीपासून शिकल्या, तेही वाचून आणि पाठ करून. त्यामुळे प्रत्येक शब्द छापल्यासारखा सुटा ऐकू येईल अशी आपली अपेक्षा असते. इंग्रजी बोलणारा मात्र वाक्यातल्या मोजक्या शब्दांवर जोर देतो आणि 'टू', 'ऑफ', 'हॅव', 'कॅन' यांना दाबून टाकतो. 'शुड हॅव'चं 'शुडव' होतं. आपणही 'करतो आहेस'चं 'करतोयस' करतोच, पण ते लहानपणापासून कानावर असतं.

'कॅन'पाशी मी सर्वांत जास्त वेळ थांबतो, कारण तिथे सौदाच उलटतो. अमेरिकन माणूस 'वी कॅन टेक इट' म्हणतो तेव्हा 'कॅन'चा जेमतेम 'क्न' उरतो. नकार देताना 'कॅन्ट'मधला 'ट' बहुधा नीट फुटतच नाही, पण आधीचा 'कॅ' ठसठशीत येतो. आपला कान 'ट'ची वाट पाहतो. तो आला नाही आणि 'कॅन' स्वच्छ ऐकू आला, की आपण होकार धरतो. खूण स्वरात आहे. वाक्याच्या मध्ये तो दबला तर बहुधा होकार, उठून आला तर नकाराची शंका घ्यावी आणि सरळ विचारून घ्यावं. 'थर्टीन' आणि 'थर्टी'चंही तसंच. 'थर्टीन'चा जोर एरवी शेवटी असतो, पण पुढे 'बॉक्सेस' आला की तो अलीकडे सरकतो आणि फरक पुसट होतो. तिथे 'वन-थ्री की थ्री-झीरो?' असं विचारण्यात कसलाही कमीपणा नाही.

फोन यात भर घालतो. जुन्या टेलिफोन व्यवस्थेतून साधारण 300 ते 3400 हर्ट्झचाच आवाज जातो. 'स' आणि 'फ' वेगळे ओळखू येतात ते बरेचसे त्याच्या वरच्या पट्टीत. म्हणून ईमेलचा पत्ता घेताना 'एस' आणि 'एफ'ची गफलत होते. इंग्रजीच मातृभाषा असलेला माणूस गाळलेलं मनातून भरून काढतो. आपल्याला ते जड जातं.

कान घडवता येतो, याला चांगला पुरावा आहे. होल्गर मिटरर आणि जेम्स मॅक्वीन या संशोधकांनी 2009 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात डच विद्यार्थ्यांना स्कॉटिश आणि ऑस्ट्रेलियन इंग्रजीतली दृश्यं दाखवली. इंग्रजी सबटायटल वाचणाऱ्यांना नंतर ते अनोळखी उच्चार अधिक चांगले कळू लागले. डच सबटायटलनी उलट अडथळा केला. म्हणून माझा आग्रह असतो : सिनेमा पाहताना मराठी-हिंदी सबटायटल बंद, इंग्रजी चालू.

घरी एका मिनिटाचं रेकॉर्डिंग पुरे. ऐकू येईल तसं लिहून काढा, मग मूळ मजकुराशी ताडून पाहा. सुटलेल्या जागी बहुतेक 'ऑफ', 'देम', 'हॅव' असलेच शब्द निघतात. तेवढेच तुकडे पुन्हा ऐका, मजकूर समोर ठेवून आणि मग झाकून.