गणवेश आणि रविवारचा सदरा

गुरुदीक्षा होऊन माझे पहिलेच वर्ष सरत होते. एका रविवारी मिस्सा संपल्यावर धर्मग्रामातील एक माता दाराशी थांबली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "फादर, माझा मुलगा मनोरुग्णालयात आहे. गावात आम्ही तो आखातात गेला असे सांगितले आहे. त्याला एकदा ख्रिस्तशरीर नेऊन द्याल का?"

मी गेलो. अंगावर पांढरा झगा होता. धर्मगुरू वेशावरून ओळखू यावा, अशी तेव्हा माझी ठाम समजूत होती. वॉर्डच्या जाळीचे कुलूप उघडले आणि मला पाहताच तो तरुण खाटेवरून उठून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. पांढऱ्या वेशातला माणूस म्हणजे इंजेक्शन किंवा विजेचा शॉक, एवढेच त्याला ठाऊक होते. परिचारिकेने समजावल्यावर तो वळला आणि म्हणाला, "फादर, माझा रविवारचा सदरा आणला का? या कपड्यांत मी ख्रिस्तशरीर कसे घेऊ?" त्याच्या अंगावर रुग्णालयाचे जाडेभरडे कपडे होते. मी त्याची समजूत घातली, ख्रिस्तशरीर दिले आणि परतलो. सदऱ्याचा निरोप मात्र त्याच्या आईला द्यायचा राहून गेला. पुढच्याच महिन्यात माझी बदली झाली.

ती चूक मनाला टोचत राहिली. तिच्यामुळेच मनोरुग्णालयांतील वेशाचा इतिहास मी आवडीने वाचू लागलो.

आपल्या परंपरेत या इतिहासाचा एक धागा संत जॉन ऑफ गॉड यांच्यापाशी पोहोचतो. १४९५ साली पोर्तुगालमध्ये जन्मलेल्या या पुस्तकविक्रेत्याने ग्रॅनाडात संत जॉन ऑफ अव्हिला यांचे प्रवचन ऐकले आणि पश्चात्तापाने तो इतका व्याकूळ झाला, की लोकांनी त्याला वेडा ठरवून रुग्णालयात डांबले. तेथे उपचार म्हणून चाबकाचे फटके मिळत. सुटका झाल्यावर त्याने स्वतःच रुग्णसेवा आरंभली. भेटेल त्या भिकाऱ्याला तो अंगावरचे कपडे देई आणि त्याच्या चिंध्या आपण पांघरी. अखेर तुय येथील महागुरूंनी त्याला एक साधा झगा घालावयास दिला. त्याच्या अनुयायांचा संघ पुढे मनोरुग्णांच्या सेवेसाठी ख्यातनाम झाला. १९३० साली पोप अकरावे पायस यांनी या संताला परिचारकांचा आश्रयदाता घोषित केले. हा वेश रुग्णावर सत्ता गाजविण्यासाठी नव्हता. ज्याने स्वतः फटके खाल्ले, त्याच्या अंगावरचा तो वेश होता.

एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये मात्र वेगळे चित्र दिसते. १८४५ च्या कायद्यानंतर तेथे प्रत्येक परगण्यात मोठमोठे वेड्यांचे आश्रम उभे राहिले. तेथील पुरुष परिचारकांचा वेश तुरुंगाच्या शिपायासारखा असे: गडद निळा कोट, पुढे झडप असलेली टोपी आणि कमरेला साखळीने बांधलेल्या किल्ल्या. स्त्रिया लांब झगा, कडक खळीचा एप्रन आणि पांढरी टोपी घालीत. किल्ल्या त्यांच्याही कमरेला असत. १८८५ साली या परिचारकांसाठी पहिले अधिकृत पाठ्यपुस्तक निघाले आणि १८९१ पासून त्यांच्या परीक्षा सुरू झाल्या. हळूहळू रखवालदाराची परिचारिका झाली, तरी किल्ल्यांचा खुळखुळाट राहिलाच.

दुसऱ्या महायुद्धानंतर वारे पालटले. स्कॉटलंडमधील डिंगलटन रुग्णालयाने १९४९ पर्यंत वॉर्डांची कुलुपे काढली. १९५२ पासून क्लोरप्रोमझिन हे औषध वापरात आले. मॅक्सवेल जोन्स या डॉक्टरांनी रुग्ण आणि सेवक एकत्र बसून बोलतील असा उपचारसमूह उभारला. तेथे परिचारिका साध्या कपड्यांत वावरत. पुढच्या दशकांत अनेक मनोरुग्णालयांनी गणवेश सोडला. गणवेशामुळे अंतर वाढते, असे एकांचे म्हणणे. घाबरलेल्या रुग्णाला मदत कोणाकडे मागावी हे कळले पाहिजे, असे दुसऱ्यांचे. मला दोन्ही बाजूंत तथ्य वाटते. त्याच सुमारास, १९६५ साली, दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने धर्मभगिनींचा वेश साधा, आरोग्याला पोषक आणि सेवाकार्याला अनुरूप असावा असे सांगितले. वेश सेवेसाठी असतो, सेवा वेशासाठी नव्हे, हे आपल्यालाही तेव्हा नव्याने शिकावे लागले.

आणि रुग्णाच्या वेशाचे काय? आपल्या देशाच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला इच्छा असल्यास स्वतःचे कपडे घालण्याचा हक्क दिला. संस्थेचा गणवेश त्याच्यावर लादता येत नाही, आणि सक्तीने त्याचे मुंडणही करता येत नाही. ते कलम वाचताना मला भिंतीकडे तोंड केलेला तो तरुण आठवला.

काही वर्षांनी त्या गावी गेलो, तेव्हा त्या मातेला भेटून सदऱ्याची गोष्ट सांगितली आणि क्षमा मागितली. मुलगा तोवर देवाघरी गेला होता. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "फादर, दर नाताळला तो सदरा धुऊन, इस्त्री करून मी कपाटात ठेवीत असे. न्यायला मात्र धीर झाला नाही. वाटायचे, त्याला आता काही आठवत नसेल."

त्याला आठवत होते. मी ते ऐकलेही होते, पण पोहोचविले नाही.

संत मार्क यांच्या शुभवर्तमानात थडग्यांमध्ये राहणाऱ्या, साखळ्या तोडणाऱ्या माणसाला प्रभू येशू बरे करतात. लोक येऊन पाहतात, तर तो शुद्धीवर येऊन, कपडे घालून शांत बसलेला असतो. इतक्या मोठ्या चमत्काराच्या वर्णनात शुभवर्तमानकाराने कपड्यांची नोंद करावी, हे पूर्वी माझ्या ध्यानात आले नव्हते. ते कपडे त्याला कोणी दिले, हे तेथे लिहिलेले नाही. कोणीतरी दिले असतील.

वाचकहो, आपल्या धर्मग्रामातही 'आखातात गेलेला' एखादा मुलगा असेल. त्याच्या आईला एकटीने जाण्याचा धीर होत नसेल, तर तिच्याबरोबर जा. आणि जाताना त्याचा रविवारचा सदरा विसरू नका.